बिनहातोड्याचा कॉटर

श्रीपतचा हातोडा पहिल्यांदा चुकला तो हैबतीनानांच्या सायकलवर. नाना म्हातारे, वरच्या वाडीतले. पावसाळ्यात कारली, शिराळी पोत्यात बांधून त्याच काळ्या दांडेवाल्या सायकलवरून पोलादपूरच्या बाजारात आणायचे. चढ आला की सायकल ढकलायची, उतार आला की बसायचं. पायडल करकरायला लागलं म्हणून त्यांनी ती श्रीपतच्या दुकानात आणली.

दुकान म्हणजे जुन्या रस्त्याकडेची पत्र्याची टपरी आणि मागे राहायची एक खोली. नवा हायवे झाल्यापासून गाड्या गावात शिरत नव्हत्या, आणि शाळेची पोरं गिअरच्या सायकली घेऊन महाडला जात. श्रीपतकडे यायच्या त्या नानांसारख्या जुन्या सायकली. त्यांचा पायडलचा दांडा मधल्या एक्सलवर धरून ठेवायला बोटाएवढी पोलादी खुंटी असते, तिला कॉटर म्हणतात. कॉटर एका बाजूने तासलेला, पाचरीसारखा ठोकून बसवलेला. काढायचा तर बारीक टोकावरची चाकी, म्हणजे नट, सैल करायची आणि त्या टोकावर हातोडा मारायचा. घाव नेमका बसला तर निघतो. तिरका बसला तर टोक वाकतं, आटे चेचतात, आणि मग ड्रिल लावून भुगा करूनच बाहेर काढावा लागतो.

श्रीपतचा घाव तिरका बसला. दुसरा तर डाव्या अंगठ्यावरच बसला.

"नख गेलं रे तुझं," नाना म्हणाले.

"जाऊ द्या. येतं परत."

पण अंगठ्याची त्याला काळजी नव्हती. हातोडा मुठीतून फिरला होता. मूठ आवळली होती तरी फिरला होता.

बायकोच्या, शकूच्या, नजरेत ते आधीच आलेलं होतं. तो शर्टाची बटणं लावायला वेळ घ्यायचा. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळचं मांस बसलं होतं, तिथे खळगा पडला होता. त्या संध्याकाळी अंगठ्याला हळद बांधताना तिने उजवा हातही उलटा करून पाहिला.

"ह्यो हात असा कशानं झाला वो?"

"वय झालं गो."

"माझंबी झालंय. माझा नाय झाला असा."

श्रीपतने हात ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने महाडला गेला, येसाजीकडे. येसाजी त्याचा लहानपणचा दोस्त, लेथवर काम करायचा. दोन हजार एकवीसच्या पुरात त्याचं लेथ बुडालं होतं. चिखल काढून, एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन त्याने ते पुन्हा चालू केलं होतं, पण भिंतीवर डोक्याच्या वर पाण्याची रेघ अजून होती आणि ती पुसायच्या भानगडीत तो पडला नव्हता.

"येसा, कॉटर असा पायजे की ठोकायला लागणार नाय," श्रीपत म्हणाला. "पान्याने निघाला पायजे."

"ठोकायला काय झालं तुला? सगळा जल्म ठोकण्यात गेला."

श्रीपतने उजवा हात त्याच्यासमोर धरला. येसाजीने खळगा पाहिला, बोटाने दाबून पाहिला आणि मग लेथचं बटण दाबलं. त्याला काय बोलावं ते सुचत नसलं की तो मशीन चालू करायचा.

पहिला कॉटर त्यांनी असा केला की जाड टोकही लांब ठेवलं आणि त्यावरही आटे पाडले. त्या टोकावर नळीचा तुकडा घालायचा, वर वायसर, वर चाकी. चाकी आवळत गेलं की कॉटर नळीत ओढला जातो, हातोड्याशिवाय. साध्या पोलादावर आटेच टिकेनात, म्हणून कशेडीच्या एका गॅरेजातून ट्रकचे तुटके बोल्ट आणले. ते कडक होते, येसाजीच्या दोन टूलची धार गेली.

तो कॉटर नानांच्या सायकलला बसवला. आठवड्याच्या आत नाना गुडघ्यापर्यंत फाटलेला लेंगा घेऊन दारात उभे राहिले. बाहेर आलेल्या टोकाने लेंगा धरला होता आणि नाना उतारावर सायकलसकट गटारात गेले होते.

"तुझ्या बिनहातोड्याच्या कॉटरनं मला बिनलेंग्याचा केला की रे!"

श्रीपत इतका हसला की शकू खोलीतून बाहेर आली. बऱ्याच दिवसांनी हसला होता तो.

मग त्यांनी उलटं केलं. टोक बाहेर काढायचंच नाही. जाड टोकात आत भोक पाडायचं आणि आतून आटे. काढायची वेळ आली की नळीतून एक बोल्ट त्यात घालायचा आणि पान्याने फिरवायचा. एरवी काही दिसत नाही, कुठे अडकत नाही. बसवताना ग्रीस लावायचं, म्हणजे गंज धरत नाही. नानांच्या सायकलवर त्याने तो बसवला आणि काढून पाहिला. आधी जरा जोर लागला, मग 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि कॉटर सुटला. पुन्हा बसवला. पुन्हा काढला. नाना बाकड्यावर बसून कंटाळले.

त्या पावसाळ्यात हाती आलेल्या प्रत्येक जुन्या सायकलला श्रीपतने तसले कॉटर बसवले. पाववाल्याच्या, देवळाच्या पुजाऱ्याच्या, आणि स्वतःच्याही. स्वतःची सायकल त्याच्या वडिलांची होती. पितळी घंटी, हिरवा रंग, मडगार्डवर सोनेरी रेघ.

भात कापणीला आलं तेव्हा त्याला पानाही धरवेना. मुलगा, दीपक, डोंबिवलीला असायचा. तो येऊन बापाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी सुया टोचल्या, तारा लावल्या, आणि दीपकला बाजूला बोलावलं. श्रीपत खुर्चीवर बसून मुलाची पाठ पाहत होता. पाठ हळूहळू वाकत गेली.

"काय म्हनला?" त्याने विचारलं.

"नसांचा प्रॉब्लेम आहे, बाबा. गोळ्या दिल्यात."

"गोळ्यांनी भरंल का हात?"

दीपक रिक्षा बघायला गेला.

पोलादपूरला परतल्यावर दुकान शकूने उघडलं. "तुम्ही सांगा, मी करते," ती म्हणाली. तो बाकड्यावर बसायचा, ती खाली उकिडवी. तिला पंक्चर लवकर जमलं, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला जमलं नाही. पण कॉटर तिला जमला, कारण तो तिच्यासारख्या हातांना जमावा असाच झाला होता. बोल्ट घालायची, पाना फिरवायची, 'टक्' झालं की वर बघायची. तो मान हलवायचा.

हे जेमतेम शिमग्यापर्यंत चाललं. मग त्याची जीभ जड झाली. 'ग्रीस' म्हणायचा तर 'ई' ऐकू यायचं. गिऱ्हाईक समोर असलं की तो बोलेनासाच झाला. ती चुकीच्या बाजूने पाना फिरवायची, तो घशातून आवाज काढायचा, तिला वाटायचं पाणी हवंय. एकदा चहाचा घोट घशात अडकला आणि तो निळा पडला. पाववाल्याने मोपेड घेतली. नानांच्या लेकाने त्यांना सायकलवर बसायला बंदी केली. टपरीसमोर दिवस-दिवस कोणी थांबेना.

येसाजी दर रविवारी यायचा. सुरुवातीला बराच वेळ बसायचा, पुढे कमी बसायला लागला. शकूने त्याला दोष दिला नाही.

वैशाखात दीपकने सांगितलं, आता इथे ठेवून चालणार नाही, नळीने खायला घालावं लागेल, मुंबईलाच जायचं. टपरी कोणीतरी मटणाच्या दुकानाला मागितली. हिरव्या सायकलचा फोटो दीपकने विकायला म्हणून मोबाईलवर टाकला आणि पुण्याहून एक माणूस गाडी घेऊन आला. तरुण होता, नीट बोलणारा. जुन्या सायकली गोळा करायचा. सायकलभोवती फिरताना त्याचा चेहरा उजळला होता.

"रंगसुद्धा मूळचा आहे! फार जपलीये काकांनी." मग तो पायडलपाशी वाकला. "हे कॉटर मात्र वेगळे दिसतायत. मूळचे नाहीत ना?"

खाटेवरून श्रीपतने आवाज केला. लांबलेला, ओला आवाज. माणूस दचकला.

"ते त्यांनी बनवल्यात," शकू म्हणाली. "ठोकावं लागत नाय. दाखवते."

तिने खोक्यातून नळी आणि बोल्ट काढला, पाना घेतला आणि पदर खोचून बसली. तिला वाटत होतं की ह्या शिकलेल्या माणसाला आवडेल, तो चार शब्द बोलेल, आणि ते श्रीपत खाटेवरून ऐकेल. टक्. एक निघाला. ती पलीकडच्या बाजूला गेली. टक्. दुसरा.

"वा! काय आयडिया आहे," माणूस मनापासून म्हणाला. त्याने कॉटर हातात घेऊन उजेडात धरला, भोकातल्या आट्यांवरून नख फिरवलं. मग तो गाडीकडे गेला आणि एक छोटी डबी घेऊन आला. "मावशी, तुम्ही माझं कामच सोपं केलंत. मी त्याच कंपनीचे मूळचे कॉटर आणलेत. सगळं ओरिजिनल लागतं आम्हाला. हातोडा असेल ना इथे?"

हातोडा होता. शकूने तो दिला. माणसाने जुन्या पद्धतीचे कॉटर ठोकून बसवले. प्रत्येक घावाला श्रीपतच्या पापण्या मिटत होत्या. दीपक मोबाईलमध्ये बघत उभा होता. सायकल गाडीत आडवी घातली गेली तेव्हा पितळी घंटी एकदा आपोआप वाजली.

"तुम्हाला वाईट नाय ना वाटलं?" शकूने नंतर विचारलं. ती त्याचं तोंड पुसत राहिली आणि आपण पाना हातात घ्यायलाच नको होता असं तिला वाटत राहिलं.

दीपकची डोंबिवलीची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. श्रीपतला खुर्चीत बसवून दीपकने आणि एका शेजाऱ्याने वर नेलं. त्यानंतर तो खाली उतरला नाही.

भाद्रपदात येसाजी भेटायला आला. जिन्याने त्याला दम लागला होता. नाकात नळी घातलेला दोस्त पाहून तो दारातच थांबला, मग स्टूल ओढून उशाशी बसला. मशीन चालू करायला इथे मशीन नव्हतं. म्हणून तो बोलत सुटला. महाडला यंदा पाणी आलं नाही. लेथचा पट्टा तुटला होता, नवा घातला. हैबतीनाना गेले, झोपेतच गेले. कॉटरच्या भोकाला बारीक आटे पाडले असते तर अजून हलका निघाला असता, असं त्याला हल्ली वाटतं, एक करून बघायचं म्हणतोय. बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. श्रीपतचे डोळे वर, फिरत्या पंख्यावर होते.

"ऐकतोय का गो ह्यो?" येसाजीने शकूला विचारलं.

"ऐकतात. बोला तुम्ही," शकू म्हणाली, आणि नळीतून घालायचं पातळ पेज गाळायला आत गेली.