शालूमागचा जिना

ठेकेदाराच्या वकिलाचं उत्तर आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. आमच्या ह्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच गॅस बंद केला.

नव्या घराचं काम अर्धवट टाकलं म्हणून आम्ही पाठवलेल्या नोटिशीवर अजिनाथ ठेकेदाराचं म्हणणं असं : वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, मालकांनी पूर्ण पोशाख देऊन सत्कार केला, सबब काम पूर्ण होते. जिन्याचा कठडा बसवला होता, तो मालकांनीच नंतर काढला. सोबत फोटो. हे त्याला टॉवेल-टोपी देतायत आणि शेजारी मी, दात दिसेपर्यंत हसतेय.

खरं सांगते, कठडा कधी बसलाच नव्हता. वरच्या बाथरूमला नळ नव्हता. पण माझी धाकटी जाऊ दिपाली इथंच, सावेडीत, मागच्या गल्लीत घर बांधत होती आणि तिची वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरली होती. मी थोरली. तिच्या मागून पंगत घालू? गुरुजींकडून चार दिवस आधीचा मुहूर्त काढून घेतला, जिन्याच्या तोंडाला माझा लग्नातला शालू टांगला, आणि विचारेल त्याला सांगितलं, "वर पाहुण्यांचं सामान आहे." पोशाख घेऊन अजिनाथ गेला तो गेलाच. आता लेक मनवा बाळंतपणाला यायची होती. तिची खोली वर. त्या उघड्या जिन्यानं तिला कशी चढवू?

आमच्या वकील सुकन्याबाई म्हणाल्या, "काकू, मार्ग आहेत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. इंजिनिअरकडून पाहणी करून घेऊन दुसऱ्याकडून काम पुरं करून घेतलं, तर तो खर्चही मागता येतो. पण पाहणी आजची होणार. त्या दिवशी कठडा नव्हता, हे कोणी पाहिलंय?"

"कोणी पाहू नये म्हणूनच तर शालू लावला होता."

त्या हसल्या नाहीत.

पण एक बाई पंगतीतून उठून जिन्याकडे गेलेली मला आठवत होती. म्हणून दुपारी दिपालीकडे गेले. तिच्या जिन्याचा स्टीलचा कठडा लखलखत होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

"ताई, आज वाट चुकलात व्हय?"

"त्या दिवशी तू शालूमागं गेली होतीस."

"मी? हात धुवाया गेल्ते."

"जिन्यात नळ नाही गं."

दिपालीनं मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. उघड्या पायऱ्या, भिंतीतून डोकावणारा पाइप, एका फोटोत माझ्या शालूचा काठसुद्धा. अकरा फोटो होते, त्याच दिवसाचे, त्याच वेळेचे.

"आईला धाडायला काढले हुते," ती खाली बघत म्हणाली. "म्हनलं बघ, आमच्या आधी उरकायला थोरलीनं कसं अर्ध्यातच उरकलंय. लई जळत हुते ओ ताई. तुमच्याकडं समदी भावकी जेवली, मागनं आमच्याकडं निम्मीच आली."

मी तिच्या पुऱ्या घरावर जळत होते आणि ही बया माझ्या अर्ध्या घरावर! राग यायला हवा होता. मी आणखी एक फोटो पुढं सरकवला.

"वकिलीणबाईंना देशील? प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागेल."

"फोटू का काढले, ते लिवावं लागंल?"

"कधी काढले तेवढंच."

"मग देते." आणि चहा टाकायला उठली. माझ्या कपात आलं जास्तच घातलं.

तक्रार दाखल झाली. फोटोंसकट आयोगाची नोटीस हातात पडली, तसा अजिनाथला घराचा पत्ता आठवला. तडजोडीचा कागद सुकन्याबाईंनी करून घेतला : कठडा, नळ, मनवा यायच्या आत. या वेळी पोशाख द्यायचा नाही, असं मी ह्यांना बजावून ठेवलं.

काम झालं त्या दिवशी दिपाली बघायला आली. कठड्यावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"आमच्यापेक्षा जाड हाय का ओ?"

"छे गं. सारखाच."

एक सूत जाड होता. मी मुद्दाम सांगून बसवून घेतला होता.