न उघडलेले निरोप

मी घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेचा एक जुना मोबाइल आहे. कार्यालयात दोन टेबले, पाच खुर्च्या, एक कपाट आणि मी. माझ्या पोटात दोनशे चाळीस सभासदांचे क्रमांक आणि ईमेल पत्ते. मागच्या खोलीत कामाची आणखी तीन टेबले होती. ज्यांचे दुकान उरले नाही, त्या सभासदांनी तिथे बसून दुरुस्ती करावी, अशी सोय.

मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा कार्यालयातल्या मावशी माझ्या काचेत बघून केस सारखे करत. निरोप त्याच लिहीत. 'उद्या चारला सभा. चष्मे आणा.' लोक येत. पुढे माझ्या काचेला तडा गेला, बॅटरी फुगली आणि मला कायमचे चार्जरला जखडले.

मग प्रसिद्धी अधिकारी आला. हुशार, हसतमुख. ईमेल असो की मोबाइलचा संदेश, किती जण उघडतात ते त्याने वर्षभर मोजले. दोनशे चाळीसपैकी चौऱ्याऐंशी. पस्तीस टक्के.

"मावशी, निम्मे लोक तर झोपलेत. एकदाही उघडलं नाही, असे एकशे वीस आहेत. काढून टाकू."

"अरे, पण सभेला येतात की ते."

"येण्याचा आकडा वर कोण विचारतं?"

अध्यक्षांनी मान डोलावली. एकशे वीस पत्ते माझ्यातून पुसले गेले. त्यानंतरच्या आठवड्यात सभासदत्व नव्याने नोंदवण्याचा निरोप सुटला, तो उरलेल्यांनाच.

सेकंदकाका पुसलेल्यांत होते. दुकान गेल्यापासून मागच्या खोलीतले टेबल एवढाच त्यांचा धंदा. मुदत टळल्यावर एका सकाळी ते आले, तर टेबलावर चित्रफिती काढायचा गोल दिवा उभा होता.

"काका, सभासदत्व संपलं तुमचं," अधिकारी म्हणाला. "तुम्ही आमचा एक निरोप उघडाल तर शपथ."

"उघडायचा कशाला? काच पेटली की बाहेरूनच अख्खा वाचता येतो. मावशी दोन ओळींच्या वर लिहितात कुठे?"

 चूक अधिकाऱ्याला लगेच कळली.

"बाकीच्यांचंही असंच असेल रे," मावशी म्हणाल्या. "लावू का एकेकाला फोन?"

"नको. अहवाल गेलाय वर. काका, नव्याने अर्ज करा. टेबलासाठी मात्र रांग आहे."

"अर्ज तरी उघडून वाचा हं," दुसऱ्या टेबलावर बसलेले संघटनेचे खजिनदार म्हणाले, आणि ते व अधिकारी दोघे हसले.

"माझी हत्यारं?"

"खोक्यात. जिन्याखाली."

खोक्यात चाके, स्प्रिंगा, भिंगे, सगळे एकत्र ओतलेले होते. काका जिन्यावर बसून वेचत राहिले. मावशी मदतीला उठल्या, तेव्हा अधिकाऱ्याने त्यांना पुढचा निरोप लिहायला बसवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राने कोणाला झोपलेला ठरवले, तर त्याला पुसण्याआधी एक फोन लावत जा. तडा गेलेल्या काचेनेही तो लागतो.

पुढच्या महिन्यात एकशे वीस जणांना निरोप गेला. चौऱ्याऐंशी जणांनी उघडला. सत्तर टक्के.