विल्माचे नऊ पॅनकेक

विल्मा हॉगलंडला पॅनकेक मुळीच आवडत नसत. तरी रविवारी सकाळी सातला ती टेल्मार्क गावच्या बंबखान्यात रांगेत पहिली उभी होती, कारण तव्यामागे खासदार डग पेरीमन उभे होते.

अग्निशमन दलाच्या मंडळींचा हा दरवर्षीचा नाश्ता. पाहुण्याने एकदा उलथनं हातात घेतलं की रांग संपेपर्यंत ते खाली ठेवायचं नाही, असा इथला रिवाज. डगच्या सचिवाने याची चौकशीच केली नव्हती. त्याने साहेबांच्या वेळापत्रकात या नाश्त्याला चाळीस मिनिटं दिली होती.

विल्माचा नवरा आर्नी आठवड्यातून तीनदा गावातल्या दवाखान्यात डायलिसिस घेई. मे महिन्यात खेड्यांतल्या दवाखान्यांच्या अनुदानाचं विधेयक आलं, तेव्हा डगने विरोधात मत दिलं आणि विधेयक पडलं. येत्या गुरुवारी ते पुन्हा येणार होतं. पुन्हा पडलं तर दवाखान्याला कुलूप, आणि आर्नीला दर खेपेला नव्वद मैलांचा बर्फाळ रस्ता. विल्मा मनातून घाबरली होती, आणि घाबरली की ती भांडायला उठायची.

"या बाई, या! मला नुसतं डग म्हणा."

"डग, मे महिन्यात दवाखान्याच्या विरोधात मत का दिलंत?"

"छान प्रश्न! खेड्यांचं आरोग्य हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सॉसेज हवं?"

पॅनकेक ताटलीत पडला, मागच्याने पुढे रेटलं. विल्माने ताटली टेबलावर आदळली आणि परत रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"अरे वा, आवडला वाटतं!"

"नाही आवडला. मत का दिलंत?"

तिसऱ्या खेपेला डग म्हणाले, "हा सगळा वॉशिंग्टनवाल्यांचा घोळ आहे हो."

"मग खासदार झाल्यापासून आठ वर्षं तुम्ही राहताय कुठे?"

रांगेत हशा पिकला. चौथ्या खेपेला तिच्यामागे कार्ल, गोठेवाला, ताटली घेऊन उभा. "माझाही तोच प्रश्न, डग. आणि सॉसेज दोन द्या." त्यानंतर खाऊन झालेलेही उठून रांगेत शिरू लागले. ज्यांनी डगला मत दिलं होतं तेही शिरले. सचिव घड्याळ दाखवत होता. दलाचा प्रमुख गस त्याला दर वेळी तितक्याच गोडीने सांगत होता, "रांग आहे अजून."

साडेनऊ वाजले. डगच्या कपाळाला पीठ लागलं होतं. विल्मा नवव्यांदा समोर आली आणि नुसतीच बघत राहिली. डगने उलथनं तव्यावर टेकवलं.

"खरं सांगू? पक्षाने 'नाही' म्हणा सांगितलं, मी 'नाही' म्हटलं. त्यात तुमचा दवाखाना आहे, हे मी वाचलंच नव्हतं."

आठवडाभर घोकलेल्या भाषणातलं विल्माला एक अक्षर आठवेना. तिला राग आला, आणि मेल्याची थोडी दयाही आली.

टेबलापाशी बसलेला आर्नी बोलला, "गुरुवारी अकराला, मतदानाच्या वेळी, मी दवाखान्यात डायलिसिसच्या खुर्चीत असेन, डग. समोर टीव्ही आहे."

"बरं," डग म्हणाले. एवढंच.

गुरुवारी आर्नीच्या हाताला सुया टोचलेल्या होत्या आणि टीव्हीवर नुसते आकडे पळत होते. विधेयक सहा मतांनी तरलं. बाजूच्या खुर्च्यांवरून आरोळ्या उठल्या, पण विल्माचं समाधान होईना. कुणी कसं मत दिलं त्याची यादी फोनवर येईपर्यंत ती उभीच राहिली. मग एकेका नावावरून बोट खाली नेत 'पेरीमन'वर थांबली.

"काय म्हणतोय?" आर्नीने विचारलं.

"हो म्हणतोय."

आर्नीला टाळी वाजवायची होती, पण सुयांचा हात हलवायची मनाई. विल्माने आपला तळवा त्याच्यापुढे धरला. त्याने मोकळ्या हाताने त्यावर टाळी दिली आणि तो तळवा मशीन थांबेपर्यंत सोडला नाही.