टाकीच्या पाण्याचा आलेख

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. दुपारचे साडेतीन वाजलेत. जेवणाच्या टेबलावर मावशीचा जुना लॅपटॉप आहे आणि त्याच्यासमोर एक मुलगी ओठ घट्ट मिटून बसली आहे. एका जागी टिकत नाही म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणतात. आज मात्र ती दीड तास जागची हललेली नाही.

खारूने महिनाभर रोज सकाळी गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याचं तापमान मोजलं होतं. ते आकडे पायथन या संगणकाच्या भाषेच्या नोटबुकमध्ये घालून, त्यांचा आलेख काढून, पाच वाजायच्या आत विज्ञानाच्या बाईंना पाठवायचा होता. नोटबुक म्हणजे संगणकातली अशी वही, जिच्या चौकटीत आपण सूचना लिहितो आणि खाली लगेच उत्तर उमटतं. उशीर झाला, की प्रदर्शनातून नाव कटणार होतं.

आलेखासाठी एक लायब्ररी लागते, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांचा संच. खारूने ती इन्स्टॉल केली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली आणि सगळं नीट झाल्याचा संदेश आला. मग नोटबुकची पहिली चौकट चालवली, तर खाली लाल अक्षरं: अशी लायब्ररी सापडत नाही.

पुन्हा इन्स्टॉल केली. संगणक म्हणाला, ती आधीपासून आहे. पुन्हा चौकट चालवली. सापडत नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी तेच.

"आहेही म्हणतो आणि नाहीही म्हणतो. मावशी, हा माझी चेष्टा करतोय."

"चेष्टा करायला अक्कल लागते," कपड्यांच्या घड्या घालत मावशी म्हणाली.

सव्वाचारला खारूने कीबोर्डवर हात आपटला. मावशीने तो हात हलकेच उचलून बाजूला ठेवला. मग ती म्हणाली, "लाल अक्षरं दहा वेळा वाचलीस. आता बाकीचंही वाच. वर उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय?"

तिथे लिहिलं होतं: दादा.

या लॅपटॉपवर मावशीने प्रत्येकासाठी पायथनची वेगळी प्रत ठेवली होती, कारण मागे दादाने काहीतरी नवीन टाकलं आणि तिचं काम बंद पडलं होतं. खारूची लायब्ररी खारूच्या पायथनमध्ये गेली होती. पण नोटबुक तिने दादाच्या जुन्या नोटबुकची नक्कल करून बनवलं होतं, त्यामुळे ते अजून दादाचंच पायथन वापरत होतं.

"म्हणजे फ्रॉक ठेवला माझ्या कपाटात आणि शोधतेय दादाच्या?"

"अडीच तास," मावशी म्हणाली.

खारूने त्या कोपऱ्यातल्या यादीतून स्वतःचं नाव निवडलं. आलेख उमटला तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. वरखाली जाणारी रेघ मध्येच एका ठिकाणी पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली होती. मावशीने तिथे बोट ठेवलं.

"इथे पाच दिवस पाणी ना तापलं, ना गार झालं?"

त्या पाच दिवसांत खारूला सर्दी झाली होती. तिने अंथरुणातूनच आदल्या दिवसाचा आकडा लिहून टाकला होता.

"काढले तर?"

"तर रेघ तुटेल. आणि सगळ्या चौकटी पहिल्यापासून चालवाव्या लागतील."

"आणि पुन्हा अडलं तर?"

मावशीने घड्याळाकडे पाहिलं.

खारूने ते पाचही आकडे एकेक करून पुसले, जागा रिकाम्या ठेवल्या आणि पहिली चौकट पुन्हा चालवली.