दुरुस्तीचे तास

दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि एन्दाहच्या पडद्यावरचा आकडा सकाळपासून हलला नव्हता. तासाला एक लाख पंचवीस हजार रुपिया.

सेमारांग शाखेचा वर्षाचा वरखर्च एकशे ऐंशी कोटी. जागेचं भाडं, वीज, विमा, पहारेकरी, लेबारानच्या सणाचा बोनस, असं जे कुठल्याच एका पुलाच्या नावावर टाकता येत नाही ते सगळं त्यात आलं. अभियंत्यांनी वर्षभरात तीन पुलांच्या कामावर नोंदवलेले तास चौदा हजार चारशे. सॉफ्टवेअर खर्चाला तासांनी भागत होतं आणि तोच आकडा पुन्हा दाखवत होतं. जकार्ताच्या मुख्य कचेरीने मर्यादा घातली होती एक लाख दहा हजारांची. तीन वाजता वर्षाचे तक्ते कुलूपबंद होणार होते, आणि ज्या शाखेचा आकडा मर्यादेच्या वर, ती मार्चअखेर बंद. चौदा माणसांचा प्रश्न होता.

खर्च कमी करायला एन्दाहने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. अकरा वर्षं ती या शाखेचा हिशेब सांभाळत होती. चहाची साखरसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. आता शेवटचं बिल चढवायचं राहिलं होतं, इमारतमालकाचं; त्याची रक्कम खर्चात आधीच धरलेली होती. संध्याकाळी सहानंतर एसी चालू ठेवला तर तो तासावर वेगळे पैसे लावतो. तिने बिल चढवलं, आणि मग तिचा हात थांबला. तिसरा मजला, आठवड्याचे चार दिवस, रात्री नऊपर्यंत. वर्षभर. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पाचही तरुण अभियंत्यांच्या नोंदी म्हणत होत्या की ते साडेपाचला घरी जातात.

ती उठून तिसऱ्या मजल्यावर गेली. गालुह आणि योसाफात एकाच डब्यातली लुम्पिया खात होते.

"रात्री इथे कोण बसतं?" एन्दाहने विचारलं.

"भुतं, म्बाक," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं योसाफात म्हणाला. "जुनी इमारत आहे."

"भुतं एसी लावत नाहीत. वर्षभराचं बिल आहे माझ्याकडे. काय करता तुम्ही तीन-तीन तास?"

योसाफातने गालुहकडे पाहिलं. गालुहने डब्याचं झाकण लावलं. ती एकतीस वर्षांची, पाच जणांत थोरली.

"बापाकच्या गणितांची दुरुस्ती," ती हळू आवाजात म्हणाली.

बापाक, म्हणजे वडीलमाणूस, असं सगळे हार्जितोंना म्हणत; शाखेचे सर्वांत ज्येष्ठ अभियंता. या पाचही जणांना त्यांनीच शिकवलं होतं. गेल्या वर्षभरापासून त्यांच्या आकडेमोडीत चुका निघत होत्या. तोंडावर सांगायचं कुणी? मग ते घरी गेले की पाच जण बसायचे, गणित पुन्हा मांडायचे, आणि सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवायचे, जणू ते त्यांचंच होतं. ते तास नोंदवले असते तर मंजुरीसाठी प्रकल्पप्रमुखाकडे गेले असते. प्रकल्पप्रमुख हार्जितोच.

भीड भिकेची बहीण, ती अशी. पुलांचं काम झालं होतं, विजेचा पैसा खर्चात चढला होता, पण तास कुठेच नव्हते. म्हणून प्रत्येक तासावर वरखर्चाचं ओझं वाढलं होतं आणि शाखा कागदावर मरायला टेकली होती.

"किती तास?"

"माझ्या वहीत आहेत," गालुह म्हणाली. "बाकीच्यांच्याही आहेत. दोन हजारांच्या आसपास."

"मग चढवा. आत्ता."

"'ग्राहकाने सुचवलेले बदल' असं लिहू का?" योसाफातने विचारलं. "म्हणजे कुणालाच लागणार नाही."

"ग्राहकाला लागेल. अशा बदलांचं बिल त्याला जातं. केली दुरुस्ती तर दुरुस्ती लिहा."

"म्बाक, ते वाचतील."

"वाचणारच. मंजूर त्यांनाच करायचं आहे."

दोन वाजून अठरा मिनिटांनी पाचही जणांच्या नोंदी चढल्या. एक हजार नऊशे ब्याण्णव तास, महिन्याचा एक तक्ता, पाच जणांचे साठ तक्ते. एन्दाहने खालच्या मजल्यावर जाऊन हार्जितोंच्या खोलीचं दार वाजवलं. तिच्यामागे गालुह आणि योसाफात होते; बाकी तिघे जिन्यातच अडकले.

"ये गं एन्दाह," हार्जितो म्हणाले. "बुडालो का आपण?"

"अजून नाही. तुमच्याकडे साठ तक्ते आले आहेत मंजुरीला. तीनच्या आत."

ते पडद्याकडे वाकले. अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी केली. चार-पाच तक्ते वाचून त्यांनी चष्मा काढला.

"गालुह, तुम्ही बसा ना," ते म्हणाले.

गालुहचा चेहरा उतरला. हार्जितो चिडले की आवाज चढवत नसत. अगं-अरेचं अहो-जाहो करत.

"वर्षभर तुम्ही माझं काम माझ्या पाठीमागे तपासत होतात. आणि सकाळी मला म्हणायचात, बापाक, किती सुंदर मांडलंय. तुम्हीही, योसाफात. माझी चेष्टा चालली होती का?"

"नाही, बापाक."

"मग काय चाललं होतं?"

दोन अठ्ठावीस झाले होते.

"देमाकच्या पुलाचा चौथा खांब," हार्जितो म्हणाले. "सव्वीस तास लावलेत तुम्ही त्याला. काय चुकलं होतं?"

"माती-तपासणीच्या अहवालातला एक आकडा, बापाक." गालुह जमिनीकडे बघत होती. "तीन होता. तुम्ही आठ वाचलात. जमीन आहे त्यापेक्षा पक्की धरली गेली."

"खांब खचला असता?"

"नाही... बहुधा नाही."

"बहुधा?"

गालुहने मान वर केली. "खचला असता, बापाक."

हार्जितोंनी चष्मा पुसून पुन्हा घातला, पडद्याकडे पाहिलं आणि तो परत काढला. एन्दाहला घड्याळाकडे बघायचं होतं, पण तिने बघितलं नाही.

"वाच," शेवटी ते म्हणाले. "मला दिसत नाही. तू वाच, मी दाबतो."

गालुह वाचू लागली. जानेवारी, चौतीस तास. मंजूर. फेब्रुवारी, एकतीस. मंजूर. डोळे झाकून साठ वेळा बटण दाबलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं, पण ते प्रत्येक तक्त्याला कुठला पूल आणि कुठला भाग हे विचारत होते. पावणेतीनला बावीस तक्ते उरले. दहा कमी तीनला नऊ.

"योसाफात, ऑगस्ट, अठ्ठावन्न तास."

बोट बटणावर थांबलं. "सतरा तारखेचा आठवडा?"

"त्यात चोवीस."

"त्या आठवड्यात तू आईकडे सालातिगाला होतास. रजेवर सही माझी आहे."

योसाफात लालेलाल झाला. "बापाक, आकडा मर्यादेत बसेल की नाही अशी भीती वाटली, म्हणून..."

"बापाक," एन्दाह मध्येच म्हणाली, "अठ्ठावीस तासांपेक्षा जास्त गेले तर आपण गेलो."

"चोवीस जाणार आहेत."

"हो, पण अजून..."

"केलेले तास मी लिहीन, एन्दाह. न केलेला एकही नाही." त्यांनी तक्ता परत पाठवला. योसाफात धावत जिना चढला. जिन्यातले तिघे भिंतीला चिकटून उभे राहिले. दोन त्रेपन्नला सुधारलेला ऑगस्ट आला, चौतीस तासांचा. उरलेले आठ तक्ते गालुहने एका दमात वाचले. शेवटचं बटण दाबलं गेलं तेव्हा दोन अठ्ठावन्न झाले होते.

एन्दाहने आपला पडदा उघडला. सोळा हजार तीनशे अडुसष्ट तास. एक लाख नऊ हजार नऊशे सत्तर.

तिने तो आकडा दोनदा वाचून दाखवला. जिन्यात कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

तीन वाजून सहा मिनिटांनी जकार्ताच्या मुख्य कचेरीतून रुबेनचा फोन आला; सगळ्या शाखांचे तक्ते तोच बघत असे. एन्दाहने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"तीस रुपियांनी वाचलात, बाई," रुबेन म्हणाला. "नवस-बिवस बोलला होतात काय? शाखा राहते. पण हे दोन हजार तास दुरुस्ती म्हणजे काय भानगड आहे? कुणाच्या चुका?"

एन्दाहने तोंड उघडलं, पण हार्जितोंनी हात वर केला.

"माझ्या. डोळ्यांनी दगा दिला आणि मी तो कबूल केला नाही. जानेवारीपासून तिन्ही पुलांची प्रमुख गालुह."

रुबेनने ते टिपून घेतलं. "आणि तुम्हाला कुठे दाखवायचं, बापाक? प्रकल्पात नाही, तर वरखर्चात?"

हार्जितोंनी एन्दाहकडे पाहिलं. "धर मला वरखर्चात. कितीवर जातो आकडा?"

तिने त्यांचा पगार खर्चात टाकला, त्यांचे तास वजा केले. "एक लाख तीस हजारांच्या पुढे," ती म्हणाली.

"मग मार्चअखेर मी निघतो," ते फोनकडे वाकून म्हणाले. "राजीनाम्याचं पत्र उद्या पाठवतो."

फोन ठेवल्यावर हार्जितोंनी कपाटातून देमाकच्या पाचव्या खांबाची फाइल काढली आणि गालुहपुढे ठेवली.

"तीन महिने आहेत. हे मी काल मांडलं. मोठ्याने वाच."

गालुह वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर ती अडखळली, पुढे गेली, मग मागे आली.

"बापाक, इथे चुकलंय."

"कुठे?" खुर्ची पुढे ओढत ते म्हणाले. "दाखव."