मधलं नाव

मी सुनेत्राबाईंची निळ्या पुठ्ठ्याची वही बोलतेय. एक्क्याण्णव साली त्यांनी मला दिल्लीच्या करोल बागेतून आणलं आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर माझं आयुष्य सुरू झालं.

बाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या. त्यांना छळणारा प्रश्न मात्र फार दूरचा होता. दीड हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात वेसेक्सचं राज्य उभं राहिलं. पहिला राजा सर्डिक. जुनी बखर सांगते, पुढचा राजा किन्रिक हा त्याचा मुलगा. पण राजांच्या यादीत दोघांच्या मध्ये आणखी एक नाव येतं, क्रेओडा. म्हणजे किन्रिक नातू. खरं काय?

त्यांचे यजमान मुरलीधरराव मंत्रालयात होते. ते हसायचे. "अगं, मुलगा काय न् नातू काय, राज्य घरातच राहिलं ना?"

"आणि क्रेओडा? तो जगला असेल, तर त्याला असं पुसून टाकायचं?"

बाईंनी सनावळ्या ताडून पाहिल्या. बखरीप्रमाणे बापलेक, दोघेही सरदार, ४९५ साली बरोबरच समुद्रातून आले आणि किन्रिकचं राज्य ५६० पर्यंत चाललं. 'एका आयुष्यात एवढं बसत नाही. मधली पिढी गळली असावी,' त्यांनी लिहिलं. 'असावी'खाली रेघ मारली.

त्र्याण्णवला आम्ही मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आलो. एकुलत्या एका मुलाला, अनिशला, विदेशी कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, नवी गाडी आली. पंच्याण्णवच्या डिसेंबरात, धुक्यात, गुडगावच्या रस्त्यावर ती गाडी ट्रकवर आदळली. अनिश गेला, सून स्वप्नालीही गेली. त्यांची अकरा महिन्यांची मयुरा त्या दिवशी आजीपाशी होती.

मग मी कपाटातच राहिले.

आजी-आजोबांनी मयुराला रीतसर दत्तक घेतलं. ती त्यांना आई-बाबा म्हणू लागली. शाळेचा फॉर्म आला, तेव्हा वडिलांच्या रकान्यात मुरलीधररावांनी स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो, कागदावर ठीक आहे. पण तिला सांगायचं ना?"

"काय सांगू? अनाथ आहेस म्हणून? मोठी झाली की बघू." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "माझ्याच्यानं नाही होत गं, सुनेत्रा."

बाईंनी कपाट उघडलं. त्यांनी मला काढलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं : 'मयुरा ही अनिश आणि स्वप्नालीची मुलगी. आधार : मी अनिशची आई.'

सांगायचा दिवस कधी आलाच नाही. भिंतीवरच्या फोटोला मयुरा दादा-वहिनी म्हणत मोठी झाली. बाई गेल्या. गेल्या महिन्यात मुरलीधररावही गेले. आज ती एकटीच फ्लॅट रिकामा करतेय. मघाशी तिनं माझी पहिली दोन पानं चाळली आणि फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "कुछ नहीं यार, आईची कॉलेजची नोटबुक. इंग्लंडचे राजे वगैरे." मला रद्दीच्या पोत्यात टाकलंय. कबाडीवाला जिना चढतोय.

मयुरा, बाळ, एकदाच मला मागून उघड.