वाघिणीवरचा गंज

वकिलाने वाघीण तळहातावर आडवी केली आणि तिच्या पोटाखालचा गंज पाहुण्यांना दाखवला.

"इथे बघा. कडेला गडद, आणि मध्ये येता येता फिकट. पाणी साचतं तिथे गंज जास्त धरतो ना, म्हणून."

पाहुण्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाघीण डोळ्यांजवळ नेली. मालगाडीचा हा खेळण्यातला डबा, जेमतेम बोटाएवढा. पण दारावर कोळशाची काजळी, कडीखाली तपकिरी ओघळ, आणि अंगावरची पांढरी अक्षरं अशी विटलेली, की बिचारी एखाद्या यार्डात वर्षानुवर्षं उन्हात उभी होती असंच कुणालाही वाटावं. पाहुणे या छंदात मुरलेले गृहस्थ, बाहेरगावाहून मुद्दाम बोलावलेले. प्रदर्शनातली सगळ्यात चांगली वाघीण संध्याकाळी तेच निवडणार होते.

"हा ओघळ कसा काढलात?"

"मी तो..." वकिलाने घसा साफ केला. त्याची बायको हातभर अंतरावर रिकामे खोके पोटाशी धरून उभी होती. "मी तो बारीक ब्रशने ओढतो. वरून खाली, एका दमात."

बायकोने खोके एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतले आणि टेबलावर मांडलेल्या रुळांकडे पाहत राहिली.

ओघळ तिनेच ओढला होता. तोच काय, टेबलावर त्याच्या नावापुढे उभ्या असलेल्या सगळ्या वाघिणी तिच्याच हातच्या होत्या. छंद मात्र वकिलाचा. कोर्ट कायमचं सुटल्यावर त्याने मोठ्या हौसेने तो धरला, कपाट भरून सामान आणलं, आणि मग बोटं थरथरायला लागली. नवी कोरी वाघीण आणायची, पाण्यात भिजवलेली अक्षरं तिच्यावर चिकटवायची आणि मग खडूच्या पुडीने, रंगाच्या पाण्याने तिला म्हातारी करायची, असा हा सगळा उपद्व्याप. यातलं पहिलंच त्याला जमेना. त्या अक्षरांना डिकॅल म्हणतात. कांद्याच्या सालीहून पातळ असतात आणि नीट हाताळली नाहीत तर गुंडाळी होऊन बसतात. असंच एक डिकॅल फाटलं तेव्हा त्याने वाघीण भिंतीवर भिरकावली होती. ती बायकोने उचलली.

तिची सगळी नोकरी रुग्णालयाच्या तपासणी विभागात गेली होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा पारदर्शक काप कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि सुरकुती न पाडता काचेवर उचलून घ्यायचा, हे तिचं रोजचं काम. तिने ते फाटलेलं डिकॅल पाण्यावर जुळवलं, वाघिणीवर बसवलं, आणि म्हणाली, "एवढ्याशासाठी भिंत खराब केलीत होय?" तेव्हापासून जेवणानंतर ती खिडकीपाशी वाघिणी घेऊन बसायची आणि वकील आरामखुर्चीत पेपर वाचायचा. पेपर मोठा असला की समोर काय चाललंय ते दिसत नाही.

पहिली वाघीण त्याने या छंदवाल्यांच्या मंडळात नेली तेव्हा सगळे वा वा करत गोळा झाले. त्याने काही खोटं सांगितलं नाही. तो नुसता गप्प बसला. वकिलाला एवढा फरक पुरतो. पण पुढच्या वेळी कुणीतरी विचारलं, गंज कसा केलात, आणि या माणसाला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देण्याची सवयच नाही. घरी आल्यावर बायको विचारायची, "आवडली का?" तो म्हणायचा, "सगळ्यांना." ते खरंच होतं. तिने पुढे कधी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. आज सकाळी तीच म्हणाली, मी येते, त्या वाघिणी गाडीला जोडून पळताना एकदा बघायच्या आहेत मला. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

"वहिनी, कंटाळा नाही येत तुम्हाला यांच्या गाड्यांचा?" मंडळाचे चिटणीस चहाचा ट्रे घेऊन आले होते. "आमची तर म्हणते, एक तर मी राहीन नाही तर हे रूळ."

"मी माझं काम करत बसते," ती म्हणाली आणि चहा घेतला.

चिटणीस हसले. वकीलही हसला, आणि हसता हसता त्याचे कान तापले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. बरेच दिवस मनात एक खडा होता, तो आता बुटात आल्यासारखा पावलोपावली टोचायला लागला.

खरं तर इथेच त्याने विषय बदलायचा. पण पाहुणे वाघीण खाली ठेवेनात.

"माझ्या आयुष्यात मी इतकी सपाट बसलेली अक्षरं पाहिलेली नाहीत," ते म्हणाले. "फळ्यांच्या खाचांत उतरलीत ही. रंगवल्यासारखी. हे मला शिकायचंय, वकीलसाहेब. या वयात शिकायचंय म्हणतोय मी."

"मग नुसतं सांगून काय कळणार?" चिटणिसांना चेव आला. "करूनच दाखवू द्या की त्यांना."

आणि बघता बघता टेबलाची एक बाजू रिकामी झाली. कुणी नवी वाघीण आणली, कुणी डिकॅलचा कागद, कात्री, चिमटा, ब्रश, वार्निशची बाटली, पाण्याचा वाडगा. खुर्ची सरकवून वकिलाला तिच्यावर बसवण्यात आलं. भोवती माणसं जमली; मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून वाकले. वकिलाने चिमटा उचलला. चिमट्याची दोन टोकं एकमेकांवर टकटक आपटायला लागली, म्हणून त्याने तो परत ठेवला.

"त्यांचा जवळचा चष्मा घरी राहिलाय," त्याची बायको म्हणाली.

चष्मा त्याच्या खिशात होता. खिसा फुगलेला कुणालाही दिसला असता.

"ते सांगतील तसं मी करते," ती म्हणाली आणि खोके खाली ठेवून टेबलाशी आली. "चालेल ना?"

"उत्तम," पाहुणे म्हणाले. "म्हणजे आम्हाला ऐकायलाही मिळेल."

वकिलाचा जीव भांड्यात पडला. किती हलकं वाटलं ते त्याला स्वतःलाच आवडलं नाही. ती त्याच्या बाजूला वाकून उभी राहिली, पदर खोचला, आणि चिमटा हातात घेऊन थांबली.

"सांगा," ती म्हणाली.

"आधी अक्षरं कापून घे. कडेकडेने." तिने कापली. "आता पाण्यात टाक."

तिने टाकली. कागद पाण्यात बुडाला. सगळे बघत होते आणि वकील त्यांच्यापेक्षा जास्त मन लावून बघत होता, कारण हे तो पहिल्यांदाच बघत होता. किती वेळ ठेवायचं असतं? तिचा हात चिमटा उघडा धरून पाण्यावर थांबला होता. एकदा तो किंचित खाली गेला आणि परत वर आला.

"काढू?" तिने विचारलं.

"राहू दे अजून. चांगलं भिजू दे."

पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. अक्षरं कागदापासून सुटून पाण्यावर आली आणि एका टोकाने वळायला लागली.

"आता काढ. काढ, आणि लाव."

"कशावर?"

"अगं, वाघिणीवर. आणखी कशावर?"

माणसं हसली. ती हसली नाही. तिने ब्रश पाण्याखाली घालून ती वळलेली पट्टी अलगद झेलली, आणि मग अगदी हळू आवाजात, फक्त त्यालाच ऐकू जावं असं, विचारलं, "आधी वार्निश नाही लावायचं?"

घरात खिडकीपाशी येणारा तो वास. आरामखुर्चीत बसून तो कितीदा म्हणाला असेल, काय तो वास, उघड ना खिडकी. आत्ता नुसतं "हो, लाव" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण एवढ्या लोकांदेखत, बायकोने विचारल्यावर, हो म्हणायला जीभ वळेना. साक्षीदाराने उलट प्रश्न केलेला त्याला कधी खपलाच नव्हता.

"ते नंतर," तो मोठ्याने म्हणाला. "सगळं झाल्यावर."

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग त्याने सांगितलं तसं तिने केलं. अक्षरं वाघिणीच्या अंगावर ठेवली, सरळ केली, टिपकागदाने पाणी टिपलं. हात जराही हलला नाही. आणि तरीही अक्षरांभोवतीचा पारदर्शक पापुद्रा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढुरका पडत गेला. लाल वाघिणीवर आरशाचा तुकडा चिकटवावा तसा तो चमकायला लागला.

चिटणिसांनी कपबश्या गोळा करायला घेतल्या.

"असं कसं झालं हो?" पाहुणे म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती, खरंच कोडं पडलं होतं.

"हिला सवय नाही ना," वकील म्हणाला. "हात बसलेला नाही तिचा."

बोलून गेला, आणि बोलता क्षणी त्याला ते ऐकू आलं. आपला आवाज नेहमीचाच होता, मोकळा, थोडा हसरा, समोरच्याला पटेल असा. बायकोने ब्रश वाडग्याच्या कडेवर ठेवला. तो घरंगळून टेबलावर आला, तो तिने पुन्हा नीट ठेवला. तिच्या मानेवर घामाची बारीक रेघ होती. एवढा वेळ वाकून उभी राहिल्याने पाठ भरून आली असणार, पण तिने पाठ ताठ केली नाही. वकिलाला वाटलं, हिने आत्ता काहीतरी बोलावं. चारचौघांत दोन शब्द सुनावावेत, घरी सुनावते तसे. शरमेने त्याला घेरल्यासारखं झालं होतं आणि तिचं एक वाक्य त्यातून त्याला बाहेर काढू शकलं असतं. तिने ओला टिपकागद घडी करून बाजूला ठेवला.

"होतं असं," पाहुणे तिला म्हणाले. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही. वकीलसाहेब, पुन्हा एकदा सांगा त्यांना. सावकाश सांगा."

चिटणिसांनी दुसरी वाघीण पुढे सरकवली. तिने नवी अक्षरं कापली. चिमटा उचलला, आणि पुन्हा त्याच्या शेजारी वाकून थांबली.

"सांगा," ती म्हणाली.

मघाचाच शब्द, मघाचाच आवाज. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला तर राग नव्हता. तो सांगेल ते ती करणार होती. पुन्हा चूक सांगितली तर पुन्हा चूक करणार होती, आणि इथून घरी जाऊन कुकर लावणार होती. हे त्याला अगदी स्वच्छ कळलं. त्याने तोंड उघडलं. पाण्यात टाक, एवढं तर येतच होतं. त्याच्यापुढे काय, ते आठवून बघितलं, तर डोळ्यांपुढे पेपर आला, पेपरच्या वरून दिसणारे तिचे पिकलेले केस आले, बाकी काही आलं नाही.

माणसं वाट बघत होती. मागे कुणीतरी खोकलं.

"तू," वकील म्हणाला आणि थांबला. "तू नेहमी करतेस तसं कर."

आधी कुणालाच उमगलं नाही. मग पाहुण्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, टेबलावर रांगेने उभ्या असलेल्या वाघिणींकडे पाहिलं, आणि मग तिच्या हाताकडे. चिटणिसांच्या हातातल्या कपबश्या वाजायच्या थांबल्या. वकील खाली टेबलाकडे बघत राहिला. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत आणि आपल्याला बोलायला काही नाही, असं त्याच्या आयुष्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

बायको सावकाश सरळ झाली. तिने कमरेवर हात ठेवला.

"मग उठा," ती म्हणाली. "मला बसून करावं लागतं."

तो उठला. उठताना त्याने खुर्ची तिच्याकडे वळवून धरली. ती बसली, वाघीण स्वतःच्या बाजूला ओढली आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून चष्मा काढून आपल्या डोळ्यांवर चढवला.

"आणि हे पाणी बदलून आणा. यात गोंद उतरलाय."

वकिलाने वाडगा दोन्ही हातांत घेतला. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली, आणि ती वाट देताना त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. मोरी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथवर पोचेपर्यंत वाडग्यातलं निम्मं पाणी त्याच्या हातांवर, बाह्यांवर सांडलं.

त्याने नळ सोडला. पाठीमागून वार्निशचा वास आला, आणि पाहुणे खुर्ची ओढून टेबलाशी बसल्याचा आवाज.

"वार्निश आधी का, वहिनी?" ते विचारत होते.

"त्याचं असं आहे," ती म्हणाली, आणि सांगायला लागली.

वाडगा भरून वाहत होता. पाण्याच्या आवाजात तिचे शब्द नीट कळत नव्हते. वकिलाने नळ बारीक केला, मग बंदच केला, आणि तिथेच पाठमोरा उभा राहून ऐकू लागला.